घरच्या लॅपटॉपवरून क्लाउडवरच्या स्पार्कला जोडताना : माझा अनुभव

ऑफिस ऐरोलीत, मी राहते ठाण्यात मानपाड्याला, त्यामुळे बरेचदा घरूनच काम. न्हावाशेवाला जाणाऱ्या कंटेनर ट्रकांचा जीपीएस डेटा क्लाउडवरच्या स्पार्क क्लस्टरवर (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हिशोब करणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्पार्क, आणि त्या मशीनचा गट म्हणजे क्लस्टर) आहे आणि मला कोड माझ्या व्हीएस कोडमध्येच (लॅपटॉपवरचा कोड लिहायचा एडिटर) लिहायचा होता, कारण ब्रेकपॉइंट (कोड मधेच थांबवायची खूण) लावून एकेक ओळ बघण्यात जी मजा आहे ती ब्राउझरच्या नोटबुकात नाही.

स्पार्क ३.४ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२३ ला, स्पार्क कनेक्ट आलं, म्हणजे लॅपटॉपवरून दूरच्या स्पार्कला जोडायची सोय. क्लस्टरवर सर्व्हर चालू करायचा, डीफॉल्ट पोर्ट १५००२, आणि इकडून रिमोटचा पत्ता द्यायचा. पत्ता दिला तर कनेक्शन नुसतंच लटकलं. नेटवर्कवाल्या दादांना फोन केला तर म्हणाले, "पोर्ट उघडून मिळणार नाही, पण तुमचं एसएसएच चालतंय ना, मग टनेल टाका की." (एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन, आणि टनेल म्हणजे त्याच जोडणीतून दुसरा पोर्ट आत नेणं.) आणि ते बरोबरच होतं, स्पार्क कनेक्टला डीफॉल्टनं स्वतःचं लॉगिन वगैरे काही नसतं, पोर्ट उघडा ठेवला तर कोणीही येऊन क्वेरी चालवेल, हे कृपया कोणी हलक्यात घेऊ नका. टनेल टाकून पत्ता लोकलहोस्टचा (म्हणजे माझ्याच लॅपटॉपचा) दिला आणि टेबल दिसलं, खूप बरं वाटलं!

मग यूडीएफ (आपण स्वतः पायथनमध्ये लिहिलेलं फंक्शन) अडली. गाडीचे नंबर लोक कसेही टाकतात, एमएच०४, एम एच-४ , ते साफ करायचं फंक्शन होतं. फिल्टर, ग्रुपबाय व्यवस्थित चालत होते कारण लॅपटॉप नुसता प्लॅन पाठवतो, हिशोब सगळा तिकडे होतो, पण यूडीएफ इथे पिकल होऊन (पायथनच्या पद्धतीनं पॅक होऊन) तिकडच्या वर्करवर, म्हणजे क्लस्टरच्या काम करणाऱ्या मशीनवर, उघडते, म्हणून दोन्हीकडे पायथन एकच लागतं. माझ्याकडे ३.११, क्लस्टरवर ३.१०. लॅपटॉपवर ३.१० चं नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी जागा) केलं, झालं.

जुन्या स्क्रिप्टमधलं आरडीडी, स्पार्क कॉन्टेक्स्ट (स्पार्क वापरायच्या जुन्या पद्धती) स्पार्क कनेक्टवर चालत नाही, तेवढं डेटाफ्रेममध्ये, म्हणजे टेबलासारख्या रूपात, परत लिहिलं.

अजून एक, कॉलमचं नाव चुकलं तर आधीसारखं त्याच ओळीवर कळत नाही, रिझल्ट मागितल्यावरच एरर येते, म्हणून मी मधेमधे स्कीमा (कॉलमांची नावं आणि प्रकार) बघून घेते. आणि टूपांडाज (रिझल्ट लॅपटॉपवर आणायची कमांड) मारलं की अख्खा रिझल्ट घरच्या वायफायवरून लॅपटॉपच्या रॅममध्ये येतो, तेव्हा आधी तिकडेच बेरजा करून घ्या नाहीतर लिमिट लावा.