आधी पोर की आधी चिठ्ठी? माझा अनुभव

मागच्या रविवारी माझी अडीच वर्षांची पोरगी कट्ट्यावरून फरशीवर आपटली. बघता बघता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. सासूबाईंनी स्टीलची वाटी उपडी घालून दाबायला घेतली, तशी ती आणखीनच किंचाळली. अर्ध्या तासानं उलटी झाली आणि मी अन् दीर तिला घेऊन बेळगावच्या वडगावातून दवाखान्यात गेलो. तपासणी, डॉक्टर, घरी येणं सगळं नीट झालं. पण त्याआधीचे एक तास पन्नास मिनिटं आठवले की अजून माझं डोकं तापतं.

दारातच सांगितलं, आधी चिठ्ठी काढा. खिडकीपुढं पंधरा-वीस माणसं. नंबर लागला तेव्हा आतून फॉर्म सरकवला, सगळा कन्नडात. मला कन्नड बोलता येतं, बाजार आणि बस त्यावरच चालतात, पण वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर लावावं लागतं. म्हटलं, "मॅडम, मी सांगते, तुम्ही लिहा की." त्या म्हणाल्या, "स्वल्प निल्ल्री," म्हणजे जरा थांबा, आणि मागच्या माणसाला पुढं घेतलं. खानापूरच्या एका मावशींच्या मुलानं फॉर्म भरून दिला, देव त्याचं भलं करो. परत खिडकीवर गेले तर म्हणाल्या, डोक्याचा मार आहे, पोलिसांना कळवायची केस होते का ते आत विचारून या. आत गेले तर, "चिठ्ठी नंबर नसताना कसं सांगणार?" अशा तीन फेऱ्या झाल्या. पोरगी माझ्या खांद्यावर जड होत चालली होती. टेंगळावर धरलेली ओढणी भिजून माझ्या गळ्याला चिकटलेली. तिचे डोळे मिटायला लागले की मी गालावर टिचकी मारायची, ती "अं" करायची आणि परत मान टाकायची. त्या "अं"वरच माझा जीव टांगलेला होता.

शेवटी जाता जाता एक नर्स थांबली. "ही कधीपासून अशी झोपतेय?" एवढंच विचारलं आणि पोरीला घेऊन सरळ आत गेली. चिठ्ठी मागाहून दिरानं आणली. म्हणजे चिठ्ठी नंतर चालत होती! घरी आल्यावर वाचलं, 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जखमी माणसावर आधी उपचार, कागदोपत्री सोपस्कार नंतर. म्हणून सांगते, रांगेत उभं राहू नका. दारातच मोठ्यानं सांगा, "डोक्याला मार, उलटी झाली, पोर पेंगतंय."

डॉक्टरांनी चार तास बसवून ठेवलं, सीटी स्कॅन लागला नाही. पोरगी तासाभरात पार्लेजी मागायला लागली, तेव्हा मला रडू फुटलं. त्यांनी सांगितलं, कपाळावरचं टेंगूळ दिसतं भयंकर, पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागं मऊ सूज आली तर जास्त काळजी. पुन्हा पुन्हा उलटी, झटका, नाकाकानातून पाण्यासारखं गळणं, उठवूनही न उठणं, यांतलं काही दिसलं तर थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा. रात्री झोपू द्यायचं, पण दोन-तीन तासांनी हलवून बघायचं, नेहमीसारखी कुरकुर करते का.

वाटीनं किंवा चमच्यानं दाबू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं हलक्या हातानं धरा. उघड्या जखमेवर हळद-चुना नको.

डॉक्टरांनी नडग्यांवरचे जुने डागही बघितले आणि कशी पडली ते दोनदा विचारलं. तेव्हा मला राग आला. पण चालत्या-पळत्या पोराला नडगी, गुडघा, कपाळ इथं लागतंच. कान, मान, पाठ इथं डाग असले तर पोराला कुणी मारलंय का, हे त्यांना विचारावंच लागतं. हे कळल्यावर माझा तो राग गेला. खिडकीवरचा गेला नाही.

पंधरवड्यात डाग निळा, मग हिरवट, मग पिवळा होऊन जातो. आमचा आज हिरवट आहे.

आणि एक राहिलंच. पडल्याची वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच विचारली, आणि मला आठवेना. दिरानं फोनवर बघून सांगितली, मी त्याला हाक मारायला केलेला कॉल होता, 11 वाजून 20 मिनिटांचा.