शंभराचे पंचवीस

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या अलीकडे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथलं छोटं क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून एकाच कामाला लावलेली मशीन, मी सांभाळतो. जड गणितासाठीच्या जीपीयू चिपा असलेले चार सर्व्हर आणि मध्ये त्यांना वेगवान केबलींनी जोडणारा इन्फिनिबँडचा स्विच, एवढंच. दिवसा मेकॅनिकलची मुलं त्यावर पाण्याच्या नि हवेच्या प्रवाहाची सिम्युलेशन चालवतात, रात्री एआयचं ट्रेनिंग लागतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी दारातच थांबली. पऱ्हाटीच्या बोंडांचे फोटो पाहून गुलाबी बोंडअळी ओळखणारं मॉडेल ती घडवत होती. फोटो तिच्या बाबांनी आणि शेजाऱ्यांनी वावरात जाऊन काढलेले.

“सर, माह्याच कोडात गडबड असन. परवापर्यंत ट्रेनिंगची एक फेरी वीस मिनिटांत व्हायची, आता तीस लागतात.”

कोडात काहीच बदललं नव्हतं. एसी ठीक, डिस्क ठीक, पिंग ठीक, चारही पोर्टांचे दिवे हिरवे. एकेक मशीन वेगळं चालवलं तर पूर्ण वेगात. मग दोन-दोनच्या जोड्या लावून पाहिल्या. तीन नंबरचं मशीन ज्या जोडीत, ती जोडी संथ. त्याच्या पोर्टाची माहिती काढली: स्थिती चालू, वेग २५. तिथे १०० असायला हवे होते.

ही लिंक चार लेनची असते. प्रत्येक लेन २५ गिगाबिटची, चार मिळून १००. एखादी लेन बिघडली की लिंक तुटत नाही, एकाच लेनवर उतरून चालत राहते आणि दिवा हिरवाच राहतो. तुटली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पण एका केबलीमुळे चारही मशीन कशी अडतात, हे तिला समजत नव्हतं. तिचं मॉडेल सुमारे १०० एमबीचं. दर पायरीला चारही मशीन मॉडेलमधली आपापली दुरुस्ती एकमेकांना देतात, सगळ्यांची बेरीज होते, तेव्हाच पुढची पायरी. त्यासाठी प्रत्येक मशीन साधारण १५० एमबी पाठवतं. १०० च्या वेगाने १२ मिलिसेकंद, २५ च्या वेगाने ४८. अशा पायऱ्या हजारो. ती जरा थांबून म्हणाली, “म्हणजे वेचणीसारखं. सगळ्या बायांची गाठोडी तोलून झाल्याबिगर गाडी हालत नाही.” मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मशीनांनी एकमेकांशी बोलण्याचा हा प्रश्न जुनाच आहे. १९९१ साली पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने उभारलेल्या परम ८००० या महासंगणकामध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसर चिपा होत्या आणि प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. त्या कामाचं नेतृत्व करणारे विजय भटकर आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, तिलाही सांगितलं.

केबल काढून तिचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काचेच्या तंतूंची बारीक वर्तुळं ओळीने दिसली आणि त्यांतल्या एकावर आडवा पडलेला, पीळ असलेला धागा. कापसाचा. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो ५० मायक्रॉनचा, कापसाचा तंतू १५ च्या आसपास. पण तो मध्ये आला की काचेला काच टेकत नाही आणि उजेड वाटेतच विखुरतो. रस्त्यापलीकडे जिनिंग आहे. हंगामात खिडकीच्या जाळीवर रुईचा थर बसतो. आदल्या आठवड्यात रॅक हलवताना हे टोक टोपण न लावता टेबलावर राहिलं होतं, माझ्याच हातून. तिने दोन रात्री स्वतःच्या कोडात चूक शोधण्यात घालवल्या, याचं मला फार वाईट वाटलं. तसं तिला सांगितलंही.

क्लीनर दोनदा फिरवला, पुन्हा पाहिलं, स्वच्छ. केबल बसवली. वेग १००.

संध्याकाळी ती शेवटच्या एसटीच्या आधी येऊन गेली. फेरी पुन्हा वीस मिनिटांवर आली होती. बाबांनी पाठवलेले आणखी दोनशे फोटो तिने त्याच रात्रीच्या ट्रेनिंगमध्ये घातले. ती गेल्यावर मी कपाटातल्या सगळ्या सुट्या केबली बाहेर काढल्या आणि एकेका टोकाला टोपण लावत बसलो.