पन्नाशीत लिनक्स मिंट शिकले, माझा अनुभव

गेल्या दिवाळीपर्यंत मला कोणी विचारलं असतं की कॉम्प्युटर येतो का, तर मी सरळ हो म्हटलं असतं. बारा वर्षं झाली, तीन सोसायट्यांचं काम घरून बघते, मेंटेनन्सची बिलं, नोटिसा, सभांची इतिवृत्तं, सगळं कोपरखैरणेच्या आमच्या घरात हॉलच्या कोपऱ्यातल्या पीसीवर. पण विंडोजच्या जागी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) आलं तेव्हा लक्षात आलं की मला वर्ड येत होतं, एक्सेल येत होतं, पण त्यांच्या खाली जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, जी फाइली सांभाळते, डिस्क सांभाळते, ती मी कधी शिकलेच नव्हते. फाइल सेव्ह केली की ती कुठे जाते हे मला सांगता आलं नसतं, "रीसेंट" मध्ये दिसते एवढंच माहीत.

झालं असं की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीसी बंद पडत नाही, पण सिक्युरिटी अपडेट यायचे थांबतात, आणि माझ्याकडे तीन सोसायट्यांच्या सभासदांचे नंबर, थकबाकी, बँकेचे तपशील. विंडोज ११ टाकायचं तर प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, आणि माझा आय३ चौथ्या जनरेशनचा. चेक करायचं अ‍ॅप चालवलं, त्याने नाही सांगितलं. वाशीला दुकानात विचारलं तर म्हणाले नवीनच घ्या मॅडम, याच्यात काही होणार नाही. एक वर्ष जादा अपडेट मिळायची सोय आहे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीही बघितली, पण वर्षाने परत हाच प्रश्न. आणि मशीन धड चालतंय, कीबोर्डचा एकसुद्धा खटका गेलेला नाही, ते भंगारात टाकायचं हे मला पटतच नव्हतं.

भाऊबीजेला भाऊ डोंबिवलीहून आला, सोबत भाचा, इंजिनिअरिंगला आहे. ओवाळून झालं, फराळ झाला आणि त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, म्हणाला आत्या, तुझी ओवाळणी. त्यात मिंट २२.२ होतं. मी आधीच सांगितलं की बाबा, माझ्या फाइलींना हात लावायचा नाही. तो म्हणाला, "आत्या, आज काही पुसायचंच नाही. पेनड्राइव्हवरूनच चालवू, तू नुसतं फिरून बघ, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढ, तुझं विंडोज आहे तसं आहे." चालू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला (प्रत्येक कंपनीच्या बोर्डावर ही की वेगळी असते, चालू होताना स्क्रीनवर बघायचं) आणि दोनेक मिनिटात डेस्कटॉप आला. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, फार परकं वाटलं नाही. त्या दिवशी मी प्रिंटर लावून बघितला, वायफाय बघितलं, एक बिलाची शीट उघडून बेरजा बघितल्या. ज्यांना करायचंय त्यांनी हे आधी कराच, प्रिंटर आणि वायफाय चालतंय का हे टाकायच्या आधीच कळतं.

मग मी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची नवी डिस्क, घेतली, आणि पुढच्या रविवारी भाच्याने येऊन बसवली. इथे त्याने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. मिंट टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढूनच ठेवली. कारण इन्स्टॉल करताना एक स्क्रीन येते, त्यात "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" असा पर्याय असतो, आणि दोन डिस्क लावलेल्या असतील तर चुकीची निवडली की संपलं. केबलच नाही म्हटल्यावर चुकायला जागाच नाही. झाल्यावर केबल परत लावली. आता मिंट एसएसडीवर आणि विंडोज जुन्या डिस्कवर, एफ१२ ने पाहिजे ते निवडायचं. माझं हिशोबाचं टॅली विंडोजवरच चालतं, ते अजून तिथेच आहे, फक्त तिकडे अपडेट येत नाहीत म्हणून गेले की नेटची वायर काढते. सगळं सोडून द्या असं मी कोणालाच सांगणार नाही, ज्याचं काम ज्याच्यावर अडलंय ते ठेवावं लागतं.

भाचा गेला आणि सोमवारी सकाळी मी एकटी बसले. पहिलाच प्रश्न, सी ड्राइव्ह कुठाय? डी ड्राइव्ह कुठाय? माझं सगळं डी मध्ये असायचं. फोन केला तर तो म्हणाला आत्या, इथे सी डी नाहीच. मला ते समजायला चार दिवस लागले, पण समजलं तेव्हा जे बरं वाटलं ते सांगते.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला एक अक्षर. ए आणि बी पूर्वी फ्लॉपीसाठी होते म्हणून हार्ड डिस्क सी पासून सुरू होते, हे मला या वयात कळलं. लिनक्समध्ये अक्षरं नाहीत, एकच झाड आहे. मूळ म्हणजे नुसती एक तिरपी रेघ, आणि सगळं तिथून फुटतं. त्यात होम नावाचा फोल्डर, त्यात माझ्या नावाचा फोल्डर, आणि माझ्या डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्याच्या आत. जुनी डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला की तोही याच झाडाला एक फांदी म्हणून जोडला जातो, मीडिया नावाच्या फोल्डरखाली, याला माउंट होणं म्हणतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबलं की वर पूर्ण पत्ता लिहून येतो. मी आठवडाभर प्रत्येक फोल्डरमध्ये गेले की कंट्रोल एल दाबून पत्ता वाचायचे, अगदी मोठ्याने. आपल्या नवी मुंबईत पत्ता कसा, नोड, सेक्टर, प्लॉट, मग बिल्डिंग, मग फ्लॅट, तसाच डावीकडून उजवीकडे आत आत जातो. एकदा हे डोक्यात बसलं की मग हरवलेली फाइल हा प्रकारच संपला. विंडोजमध्येसुद्धा असा पत्ता असतोच, मी कधी वाचला नव्हता.

अजून एक, इथे फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरतात. कॅपिटल एमने लिहिलेला मे आणि स्मॉल एमने लिहिलेला मे या दोन वेगळ्या फाइली. माझ्याकडे एकाच महिन्याची दोन बिलं तयार झाली होती, वेळेत दिसलं म्हणून बरं. तेव्हापासून सगळी नावं स्मॉलमध्येच देते.

पेनड्राइव्हचा धडा मात्र महागात पडला. नोव्हेंबरमध्ये एका सोसायटीच्या विशेष सभेची नोटीस होती, साठ प्रती काढायच्या होत्या, संध्याकाळी सातला कमिटीचे काका खाली थांबलेले. मी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, पट्टी पूर्ण भरली, पट्टी गेली, मी पेनड्राइव्ह उपसला आणि खाली झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्याने लावला, फाइलचं नाव दिसतंय, उघडली तर रिकामी, साइझ शून्य. मागे चार माणसं उभी, काका घड्याळ बघतायत, मी परत चार मजले वर. तेव्हा कारण माहीत नव्हतं, नंतर विचारून घेतलं. पट्टी भरली म्हणजे डेटा पेनड्राइव्हवर पोचला असं नसतं, सिस्टीम तो आधी रॅममध्ये घेते आणि मागाहून सवडीने लिहिते, कारण पेनड्राइव्ह स्लो असतो. आपण मध्येच उपसला की जे लिहायचं राहिलं ते गेलं. फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्हच्या नावापुढे एक छोटा बाण असतो, इजेक्टचा, तो दाबायचा, मग राहिलेलं लिहून होतं, मगच काढायचा. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं तसाच उपसत आले आणि कधी काही झालं नाही, म्हणून सवय लागलेली. आता घरात मुलालाही ओरडते.

तसंच घड्याळाचं. एकदा रात्री टॅलीसाठी विंडोजमध्ये गेले, भिंतीवर नऊ दहा झालेले आणि स्क्रीनवर दुपारचे तीन चाळीस. मला वाटलं बोर्डावरचा सेल गेला. पण फरक बरोबर साडेपाच तासांचा होता, आणि साडेपाच म्हटल्यावर ट्यूब पेटली, ग्रीनिच आणि आपल्या वेळेतला फरक तेवढाच. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं. नेट जोडलेलं असेल तर विंडोज कधी ना कधी दुरुस्त करून घेतं, माझी तर वायर काढलेली. टर्मिनलमध्ये एक ओळ टाकून मिंटलाही स्थानिक वेळच ठेवायला सांगितलं, त्यानंतर दोन्हीकडे सारखं. टर्मिनल म्हणजे काळी खिडकी, तिची मला धास्ती होती, ती त्या दिवशी गेली.

आणि विंडोजमधून शटडाउन करून मिंटमध्ये आले की जुनी डिस्क नुसती वाचता यायची, तिच्यावर सेव्ह होईना. त्याचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, सिस्टीमचा काही भाग झोपवून डिस्कवर ठेवलेला असतो, म्हणून मिंट सावध राहतं आणि लिहीत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद केलं, सुटला प्रश्न.

पण ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले ते फॉन्टचं. आमच्या एका सोसायटीची २००९ पासूनची इतिवृत्तं माझ्याकडे आहेत. आधीचे सेक्रेटरी काका स्वतः टाइप करायचे, शिवाजी फॉन्टमध्ये, आता ते नाहीत. मिंटमध्ये ती फाइल उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, मध्येच डोक्यावर टोपी घातलेले ए आणि ओ. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं डिस्क बदलताना सगळं खराब झालं, काकांनी एवढं जपलेलं माझ्या हातून गेलं. रात्री झोप नाही.

खराब काही झालं नव्हतं. त्या काळच्या फॉन्टमध्ये फाइलीत खरंच इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्या अक्षराच्या जागी क किंवा म चं चित्र काढतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांची एकच ठरलेली यादी, त्यात तसं नाही, तिथे देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिलेल्या आहेत, क हा क म्हणूनच साठवला जातो, म्हणून कुठल्याही मशीनवर, मोबाइलवर, मराठीच दिसतं. उपाय काय, तर जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये जाऊन ती फॉन्टची फाइल शोधली, डबल क्लिक केलं, इन्स्टॉल दाबलं, लिबरऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं) बंद करून परत उघडलं. आणि "सभेचे अध्यक्षस्थान" असं स्वच्छ समोर आलं. मी मुलाला हाक मारून दाखवलं.

पण हे तात्पुरतं आहे हे मला तेव्हाच कळलं. उद्या माझ्यानंतर जो कोणी हे काम घेईल त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल. म्हणून मी इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडमध्ये मराठी टाइप करायचा कीबोर्ड, शिकायला घेतलं, मोबाइलवर बोटाने लिहायची सवय होती, पण पानंच्या पानं लिहायची तर नीट कीबोर्डच हवा. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा, बाकी काही डाउनलोड करावं लागलं नाही. याची रचना सुंदर आहे हो, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जोडी एकाच कीवर, के वर क आणि शिफ्ट धरून ख. हात आळीपाळीने चालतात, थकत नाहीत. ळ शिफ्ट धरून एनवर, तो सापडेपर्यंत मी पहिल्या दिवशी प्रत्येक की दाबून बघितली होती. दुसऱ्या, कोपऱ्यात यातला ऱ्या मला तीन दिवस जमेना, त्याला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. पुठ्ठ्यावर तक्ता काढून मॉनिटरला टेकवून ठेवला, तीन आठवड्यात काढून टाकला.

बाकी रोजचं सांगायचं तर फार काही नाही. अपडेट मॅनेजर सांगतो तेव्हा अपडेट करते, त्याच्या आधी टाइमशिफ्टने सिस्टीमचा एक स्नॅपशॉट घेते, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. टाइमशिफ्ट आपल्या फाइलींचा बॅकअप घेत नाही हे मात्र नीट समजून घ्या, ते सिस्टीमपुरतं आहे, फाइलींसाठी मी दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगळी कॉपी काढते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोपर्यंत तरी हा पीसी कुठे जात नाही.

काकांच्या फाइली एकूण एक्केचाळीस आहेत. एका खिडकीत जुनी उघडते, शेजारच्या खिडकीत युनिकोडमध्ये टाइप करते, रोज दुपारी जेवणानंतर दीड तास. त्यांनी जिथे शुद्धलेखन चुकवलंय तिथे तसंच ठेवते, इतिवृत्त आहे, त्यात मी हात घालायचा नाही. काल २०१२ च्या वार्षिक सभेपर्यंत आले, पाण्याच्या टाकीवरून झालेली चर्चा चालू आहे.