फेल्ट केलेली रंगीत पिशवी आणि न आटणारी लोकर : माझा अनुभव

लोकरीची पिशवी सैल विणून गरम पाण्यात आटवली, की तिचे नमद्यासारखे दाट कापड होते; त्यालाच फेल्ट म्हणतात. अशी एक रंगीत पिशवी मी रत्नागिरीत राहून पूर्ण केली. विणकाम सरळ होते : तळाचा आयत विणला, त्याच्या चारही कडांवरचे टाके उचलले आणि गोल सुईवर रंग बदलत वर गेले. खोळंबा झाला तो लोकरीपायी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

कोकणात स्वेटरची गरज क्वचितच पडते. त्यामुळे आमच्या बाजारात लोकर येते ती बाळाच्या टोपड्या-मोज्यांसाठी, रुखवतातल्या वस्तूंसाठी आणि गणपतीच्या तोरणांसाठी, आणि ती जवळजवळ सगळी ॲक्रिलिक असते. त्या कामांना ती योग्यच आहे, कारण ती स्वस्त असते, रंगाने उठावदार असते आणि धुतल्यावर आटत नाही. मला मात्र आटणारीच लोकर हवी होती. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे यांमुळे तंतू एकमेकांत सरकतात, खवल्यांमुळे तिथेच अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. ॲक्रिलिक हा पेट्रोलियमपासून तयार होणारा तंतू असल्याने त्याला असे खवलेच नसतात.

म्हणून मी ‘१०० टक्के शुद्ध लोकर’ असे छापलेल्या लड्या एका विक्रेत्याकडून टपालाने मागवल्या. नमुन्याचा चौकोन विणून गरम पाण्यात बराच वेळ चोळला, तरी त्याचा एकही टाका मिटला नाही. धाग्याचे टोक जाळून पाहिले, तेव्हा ते वितळले आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर नेताच ती विझते आणि तिची राख बोटांनी चुरता येते. मी त्या मण्याची छायाचित्रे पाठवून पैसे परत मागितले. लोकर गरम पाण्यात घालायचीच नसते, त्यामुळे माल परत घेतला जाणार नाही, असे उत्तर मला मिळाले. मी पुन्हा लिहिले, की प्रश्न धुण्याचा नसून धागा कशाचा आहे याचा आहे. त्यावर तेच उत्तर पुन्हा आले. ग्राहकाने विचारले काय आणि आपण सांगतो काय, हे पाहण्याचे कष्टही तिथे कोणी घेतले नाहीत.

दुसऱ्या ठिकाणची लोकर जळण्याच्या परीक्षेत खरी उतरली आणि तरीही आटली नाही. ती ‘सुपरवॉश’ होती. मशीनमध्ये धुता यावी म्हणून अशा लोकरीवर सहसा क्लोरीनची प्रक्रिया करून वर पातळ लेप देतात, त्यामुळे खवले निकामी होतात. लडीवरच्या कागदावर याचा उल्लेख नव्हता आणि विकणाऱ्याला विचारल्यावर त्यालाही सांगता आले नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की ‘शुद्ध लोकर आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. ‘गरम पाण्यात आटते का’ असे विचारावे, उत्तर लेखी घ्यावे आणि प्रत्येक रंगाचा थोडा धागा आधी मागवून त्याचा चौकोन आटवून पाहावा. पांढऱ्या आणि फिकट रंगांची परीक्षा तर टाळूच नये, कारण लोकर विरंजित, म्हणजे मूळ रंग घालवून पांढरी केलेली असली तर ती कमी आटते. देशावरच्या दख्खनी मेंढीची लोकर आम्हाला जवळची. पण ती घोंगडीला शोभणारी, राठ आणि बहुधा काळीकरडी असते, म्हणून माझ्या रंगीत पट्ट्यांसाठी ती घेता आली नाही. अखेर हिमाचलमधल्या एका विक्रेत्याने न मागताच नमुने पाठवले, ते सुरेख आटले, आणि तो आटलेला चौकोन हातात घेताना मला फार आनंद झाला.

पुढचे काम घरच्या बंबाच्या पाण्यावर झाले. रबरी हातमोजे घालून, साबण लावून पिशवी चोळली आणि मधूनमधून गार पाण्यात बुडवली. मशीन वापरायचे असल्यास पिशवी उशीच्या अभ्र्यात बांधून घालावी, म्हणजे सुटलेले तंतू पंपात जात नाहीत. शिवाय आटणे मध्येच थांबवता यावे म्हणून वरून उघडणारे मशीन घ्यावे. पिशवी रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटते, म्हणून ती विणताना उंच ठेवावी. नेहमीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जाड सुई घ्यावी, हे खरे तर आधीच सांगायला हवे. विणीतली नक्षी आटल्यावर दिसेनाशी होते, तेव्हा वेळ रंगांच्या निवडीवर घालवावा.

पावसाळ्यात हे काम काढू नये. आमच्या दमट हवेत जाड फेल्ट लवकर वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. पिशवी ओली असतानाच योग्य मापाच्या डब्यावर चढवून आकार द्यावा आणि पंख्याखाली ठेवावी. वापरात नसताना तिच्यात वेखंडाचे तुकडे ठेवावेत आणि अधूनमधून तिला ऊन दाखवावे, कारण खऱ्या लोकरीला कसर लागते.