त्या पोराचं बोट कुठे आहे?

फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगेलचं 'मोठे मासे लहान मासे खातात' हे रेखाटन १५५६ सालचं. मूळ कागद व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. सगळीकडे फिरतो तो बहुधा पीटर व्हान डर हेडनने ताम्रपटावर कोरलेला १५५७चा छाप. आकार जेमतेम वहीच्या पानाएवढा आणि त्यात माशांचा खच, त्यामुळे मोबाइलवर अर्थ लावायला बसू नये. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा उघडून एकेक कोपरा पाहावा.

सुरुवात अक्षरांपासून करा. छापावर कल्पना हिएरोनिमस बॉशची, म्हणजे नरकाच्या चित्रांसाठी गाजलेल्या आधीच्या चित्रकाराची, असल्याचं कोरलंय, पण बॉश १५१६ सालीच वारला होता. रेखाटनावर सही ब्रुगेलची आहे. प्रकाशक हिएरोनिमस कॉकने खपणारं नाव घातलं असावं. त्या नावाला भुललं की माणूस इथे बॉशचा नरक शोधत बसतो. आणखी एक खाचखळगा म्हणजे ताम्रपटावरून छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटतं. डाव्या-उजव्याला अर्थ चिकटवण्याआधी समोर रेखाटन आहे की छाप, ते पाहून घ्या.

छापाखाली म्हण दिली आहे: बघ पोरा, मोठे मासे लहानांना खातात हे मला केव्हापासून ठाऊक आहे. किल्ली अशी आयती हातात असताना मासा म्हणजे येशूची खूण, वगैरे कोश काढायची गरज नाही. इथे मासा एकतर खातो, नाहीतर खाल्ला जातो. बरेचसे दोन्ही एकदमच.

मग हात पाहा. नावेतला बाप किनाऱ्यावर पडलेल्या अजस्र माशाकडे बोट करतोय. बहुतेकांची नजर तिथेच अडकते. पोराचा हात मात्र नावेतल्याच दुसऱ्या माणसाकडे आहे, आणि तो माणूस एका माशातून त्याहून लहान मासा ओढून काढतोय. माझ्या मते चित्राचा गाभा हाच. बापाने मासे दाखवले, पोराला माणूस दिसला.

शिरस्त्राण घातलेला एक बुटका माणूस स्वतःपेक्षा मोठ्या सुरीने त्या अजस्र माशाचं पोट फाडतोय. सुरीच्या पात्यावर क्रूस लावलेला गोल आहे. ही त्या काळची 'जगा'ची खूण. १५५९च्या म्हणींच्या चित्रात ब्रुगेलने हाच गोल घरावर उलटा टांगलाय: जग पालथं झालंय. म्हणजे सुरी जगरहाटीची.

मराठी वाचकाला इथे 'मात्स्यन्याय' आठवणारच. पण तो अर्धाच लागू पडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंडधर, म्हणजे शिक्षा करणारा राजा, नसला की बलवान दुबळ्याला गिळतो, उपाय दंड. ब्रुगेलकडे शस्त्रधारी हजर आहे, तरी पोटातून निघालेला एकही मासा सुटत नाही. पलीकडे झाडाला मासे टांगलेत आणि एकजण शिडीवरून आणखी घेऊन चढतोय. म्हणून शीर्षकाचं भाषांतर 'मात्स्यन्याय' करू नये. राजा आला की सुटका, असा भलताच सूर त्यातून निघतो.

आकाशात उडणाऱ्या माशाला फार अर्थ लावू नका. हवाही मोकळी नाही, एवढं पुरे. पण माणसाचे पाय फुटलेला, तोंडात मासा धरून चालू लागलेला तो प्राणी पोराच्या बोटाशी जोडून पाहा.