चौथी थैली

विमान कंपनीच्या परवान्याच्या अर्जात एक ओळ असते: प्रवासी, माल आणि टपाल यांची वाहतूक. आमच्याकडे ती सगळ्यांनी वाचली होती, पण जो तो आपापल्या शब्दापाशी थांबला होता. मालकांना प्रवासी दिसत होते, कमर्शियलवाल्यांना माल. टपालाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. छापील नमुन्यात तो शब्द होता म्हणून आमच्या अर्जात आला, इतकंच.

खरं तर या धंद्याची सुरुवातच टपालानं झाली. अमेरिकेत १९२५ च्या कायद्यानं टपाल वाहायची कंत्राटं खासगी लोकांना मिळू लागली आणि त्या पैशावर तिथल्या कितीतरी विमान कंपन्या उभ्या राहिल्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात प्रवासी नव्हतेच, टपाल होतं. आता तोच शब्द अर्जाच्या शेपटाला लटकलेला असतो.

मी एका नव्या विमान कंपनीत कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातायत की नाही, ते बघते. बाहेरच्यांना वाटतं विमान घेतलं, पायलट ठेवले, झाली कंपनी. पण बहुतेक देशांत दोन वेगळे कागद लागतात. एक परवाना: मालकी कुणाची, पैसा आहे का, काय काय वाहणार. युरोपात तर पहिले तीन महिने एक पैसाही मिळकत झाली नाही तरी खर्च भागेल, हे आकड्यांनी दाखवावं लागतं. दुसरं एओसी, म्हणजे विमानं सुरक्षितपणे चालवायची लायकी तुमच्यात आहे याचं प्रमाणपत्र. ते पाच टप्प्यांत मिळतं आणि चौथ्या टप्प्यात कागद बाजूला ठेवून प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. विमानाचं भाडं मात्र कागद हातात येईपर्यंत थांबत नाही. विमान हँगरबाहेर उभं, एक तिकीट विकायची मुभा नाही आणि लीजचं बिल दर महिन्याला दारात. पुढे जे झालं त्यातलं निम्मं या बिलानं केलं.

माझं काम म्हणजे एक प्रचंड तक्ता. डावीकडे नियमातला एकेक पोटनियम, उजवीकडे तो आमच्या कुठल्या मॅन्युअलच्या कुठल्या पानावर पाळलाय त्याचा संदर्भ. हे काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात. मला ते आवडतं. पान उघडून वाचलं की लगेच कळतं, हे लिहिणारा माणूस कधी रॅम्पवर, म्हणजे विमान उभं करून सामान चढवतात त्या जागेवर, उभा राहिलाय की नाही. आमचं ग्राउंड हँडलिंगचं, म्हणजे विमान जमिनीवर असतानाच्या कामांचं, मॅन्युअल बाहेरच्या सल्लागारांनी दिलं होतं. दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं उचलून नाव बदललेलं. एका पानावर जुन्या कंपनीच्या विमानाचा प्रकारही तसाच राहिला होता; तो मी दाखवल्यावर ते हसून ‘टायपो’ म्हणाले.

प्रूव्हिंग फ्लाइटचा दिवस. म्हणजे भाडं देणारे प्रवासी नाहीत, बाकी सगळं खरं. आसनांवर आमचेच कर्मचारी, कॉकपिटमध्ये मागच्या सीटवर नियामकाचे एक निरीक्षक, आणि रॅम्पवर दुसऱ्या निरीक्षक मॅडम, पिवळं जॅकेट घातलेल्या, हातात क्लिपबोर्ड. माझं काम बघायचं आणि लिहायचं. मधे बोलायची परवानगी नाही. कंपनीच्या माणसानं खूण जरी केली तरी ते प्रात्यक्षिक बाद.

आमचं विमान एटीआर ७२. मोठ्या जेटमध्ये सामान पोटात जातं. इथे पुढचा मालकक्ष कॉकपिटच्या लगेच मागे, प्रवाशांच्याच पातळीवर असतो. म्हणजे टपालाची थैली पायलटच्या पाठीमागे दोन-चार फुटांवर जाळीत बांधलेली असते. प्रवासी मागच्या दारानं चढतात, त्यामुळे मागे वजन पडून विमान शेपटीवर बसू नये म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. कुठली थैली पुढे, कुठली मागे, याच्यावर ट्रिम शीट, म्हणजे विमानाच्या तोलाचा हिशेब, ठरते. रॅम्पवरच्या सुपरवायझरला हे तोंडपाठ असावं लागतं आणि अण्णांना ते होतं. अण्णा आमचे नव्हेत, हँडलिंग एजन्सीचे. पण टेकू नीट बसलाय का हे पाय लावून बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मालाबरोबर एअर वेबिल येतं. त्यात पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि आत काय आहे तेही लिहिलेलं असतं. टपालाचं तसं नाही. थैली सीलबंद, कंपनी ती उघडत नाही. टपाल खात्याचं डिलिव्हरी बिल, आंतरराष्ट्रीय टपालात सीएन ३८: किती थैल्या, किती वजन, कुठे जायच्या. घातक वस्तू टपालात, मोजके अपवाद सोडले तर, चालतच नाहीत. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर अजिबात नाहीत. प्रवासी विमानात माल म्हणूनही सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या एप्रिल २०१६ पासून बंद आहेत. पण थैलीत काय आहे हे आम्हाला फक्त बिलावरून आणि लेबलावरून समजतं. लेबल नसलेली थैली म्हणजे कुणाची, कशाची, काहीच माहीत नसलेली वस्तू.

बिलावर तीन थैल्या होत्या. ट्रॅक्टर आला, ट्रॉलीवर चार. चौथीला सील होतं, लेबल नव्हतं.

अण्णांनी ती बघितली. तीन थैल्या पुढच्या कक्षात चढवून घेतल्या, जाळी ओढून तपासली, चौथी उचलली आणि विमानापासून लांब नेऊन ठेवली. तिच्याशेजारी धोक्याच्या खुणेचा एक प्लास्टिकचा कोन उभा केला. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, “ही आपली नाही. जिथून आणलीस तिथे विचार.” दार लावलं, टेकू काढला, अंगठा वर केला. विमान वेळेवर निघालं. मी वहीत ‘थैली क्र. ४ चढवली नाही’ असं लिहिलं आणि मनातल्या मनात अण्णांना शाबासकी दिली.

संध्याकाळी डीब्रीफिंग. मॅडमनी कॅप्टनना विचारलं, “विमानात टपालाच्या किती थैल्या होत्या?”

“तीन. लोडशीटवर तीनच.”

“आणि विमानापाशी किती आल्या होत्या?”

कॅप्टन माझ्याकडे बघायला लागले.

थैली मॅडमनीच पाठवली होती, आत रद्दी होती. त्यांचा मुद्दा असा: ओळख न पटलेली थैली हातानं उचलायची नाही, जागच्या जागी ठेवून लोकांना लांब करायचं, सुरक्षावाल्यांना बोलवायचं आणि उड्डाणाआधी कॅप्टनला कळवायचं. ती चढवली नाही हे बरं झालं. पण बाकीच्या तीन त्याच ट्रॉलीवरून आल्या होत्या, आणि त्या घेऊन निघालेल्या माणसाला चौथी होती हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी २१ फेब्रुवारी १९७० ची आठवण काढली. त्या दिवशी फ्रँकफर्टहून निघालेल्या ऑस्ट्रियन एअरलाइन्सच्या कॅरॅव्हेलमध्ये टपालातला बॉम्ब फुटला. भोक पडलेलं विमान कसंबसं परत उतरलं. त्याच दिवशी झुरिचहून निघालेलं स्विसएअरचं विमान बॉम्बनं पडलं आणि आतले सगळे ४७ जण गेले. शेरा: लेव्हल वन. म्हणजे हे निस्तरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

अण्णांना बोलावलं. ते टोपी हातात घेऊन उभे. “थैली इमानात गेली नाही ना साहेब? मग?”

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं: लोडरने रेडिओवरून लोड कंट्रोलला ताबडतोब कळवावे. लोड कंट्रोल म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणारे. मी विचारलं, “अण्णा, रेडिओ होता?” ते म्हणाले, रेडिओ एजन्सीच्या ड्युटी ऑफिसरकडे असतो आणि तो त्या वेळी दुसऱ्या बेवर, म्हणजे दुसऱ्या विमानापाशी, होता. मॅडम म्हणाल्या, हेडसेट लावलेला इंजिनिअर दहा पावलांवर होता, त्याच्यामार्फत कॅप्टनला सांगता आलं असतं. तेही खरंच. मी अजून या दोघांमध्ये लटकलेय. मॅडम चुकल्या असं मला म्हणता येत नाही. पण ज्याच्या हातात रेडिओ नाही त्याला रेडिओवर कळवायला सांगणारं पान मंजूर होऊन आलं होतं आणि शेरा मात्र माणसाच्या नावावर लागला.

मला वाटलं आता ते पान नव्यानं लिहिलं जाईल, रेडिओ येतील, अण्णांच्या गटाला प्रशिक्षण मिळेल आणि प्रात्यक्षिक पुन्हा होईल. यात फार तर काही आठवडे गेले असते. एमडी साहेब आमचे अकाउंटेबल मॅनेजर, म्हणजे सगळ्याची अंतिम सही आणि पैशाची किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी लीजच्या बिलाकडे बघितलं आणि विचारलं, “टपालातून आपल्याला सुटणार किती?” सल्लागारांनी आकडा सांगितला. “मग तो शब्दच काढून टाका ना.”

काढला. सुधारित अर्ज गेला: प्रवासी आणि माल. मी म्हणाले, लेबल नसलेलं खोकं मालातही येऊ शकतं, तेच पान, तेच अण्णा, तोच नसलेला रेडिओ. मला सांगण्यात आलं की शेरा टपालाच्या सदराखाली नोंदवलेला आहे. मॅडम तोवर दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. कागद तपासणाऱ्यांनी सदर बघितलं, अर्ज बघितला आणि शेरा बंद केला. इतक्या बारकाईनं परीक्षा घेणारी ही यंत्रणा, उत्तर देण्याऐवजी प्रश्नच खोडला तर पास करते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तक्त्यात टपालाच्या प्रत्येक पोटनियमासमोर ‘लागू नाही’ असं मीच लिहिलं. लिहिणं भाग होतं, कारण कागदोपत्री ते बरोबर होतं.

परवाना मिळाला. मालकक्षात आता कुरिअरच्या थैल्या जातात. तसंच कापड, तशीच सीलं, फक्त बरोबर एअर वेबिल. अण्णांना एजन्सीनं रॅम्पवरून काढून बॅगेज बेल्टवर रात्रपाळीला टाकलं, कारण ‘कार्यपद्धतीचे पालन केले नाही’.

गेल्या महिन्यात कमर्शियलला टपालाच्या कंत्राटाचा सुगावा लागला. परवान्यात ‘टपाल’ पुन्हा घालायचा अर्ज तयार झाला आणि सहीसाठी माझ्या टेबलावर आला. ‘लागू नाही’च्या जागी पान क्रमांक टाकून द्या, एवढंच मागणं. पान उघडलं. लोडरने रेडिओवरून लोड कंट्रोलला ताबडतोब कळवावे. एक अक्षर बदललेलं नाही.

फाइल मी पुढे पाठवलेली नाही. काल एमडी साहेबांच्या ऑफिसातून मेल आली, फाइल का अडली म्हणून. उत्तरात ते पान जोडलं आणि विचारलं, पहाटेच्या पहिल्या विमानाला आपल्या किती लोडरांच्या हातात रेडिओ असतो, आणि अण्णांना परत रॅम्पवर कधी घेताय. सल्लागारांनाही प्रत लावली आहे.