मार्शल लॉ मोहीम : कोणते गुपित टेबलावर, कोणते वहीत

मे १९३० मधील सोलापूरच्या मार्शल लॉवर बेतलेली आमची रोल-प्लेइंग खेळाची मोहीम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत अनेक सत्रांत खेळायची एक सलग कथा, मध्यावर आली असून, पात्रांची गुपिते इतर खेळाडूंना कळू द्यावीत की नाही, याविषयी गटाची पद्धत आता बरीचशी ठरली आहे.

पहिली काही सत्रे आम्ही गुपिते चिठ्ठ्यांवर लिहून खेळ चालवणारा संचालक म्हणून माझ्याकडे ठेवली. १९८४ मध्ये आलेल्या ‘पॅरानोइया’ या रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक पात्र कुठल्या ना कुठल्या गुप्त संघटनेत असते आणि तसे असणे हाच राजद्रोह ठरतो, त्यामुळे तिथे लपवाछपवी हा खेळाचा प्राण आहे. आमच्याकडे मिलमधला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, पोलिसांचा खबऱ्या आहे, हे फक्त त्याच्या खेळाडूला आणि मला ठाऊक होते. बाकीच्यांना त्या गुपिताशी खेळताच येत नव्हते.

मागील सत्राआधी त्या खेळाडूच्या संमतीने ते सर्वांना सांगितले. त्यानंतर साखर पेठेतल्या विणकराची भूमिका करणाऱ्या मैत्रिणीने, जॉबर दाराशी आलेला असतानाच गांधी टोपी मागाच्या खड्ड्यात दडवण्याचा प्रसंग स्वतःहून रचला. त्या दिवसांत ती टोपी घालणेही शिक्षेला पात्र होते. विणकराला कसलाच संशय नव्हता, आम्हाला मात्र सारे ठाऊक होते. “अण्णा, धोटा का थांबला?” एवढेच जॉबरने विचारले आणि फासे टाकण्याची कुणालाही घाई उरली नाही.

मनातल्या विचारांबाबत माझे मत नेमके उलट आहे. खेळरचनाकार ॲरन ऑलस्टन यांनी १९८८ च्या ‘स्ट्राइक फोर्स’ या रोल-प्लेइंग खेळाच्या पुस्तकात पात्रांचे खासगी आयुष्य निळ्या वह्यांत लिहून खेळण्याची जी रीत मांडली, ती आम्ही साध्या शंभरपानी वह्यांवर चालवतो. जॉबर खबऱ्या का झाला, हे त्याच्या वहीतच आहे. ते बोलून दाखवले, तर त्याच्या प्रत्येक वाक्यामागे काय असेल, याचा शोध घेण्याचे इतरांचे सुख संपेल.

१२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांना आम्ही पात्रे म्हणून आणलेले नाही, कारण त्यांच्या मनात आपण गुपिते रचावीत, हे आम्हा कुणालाच पटत नाही.

पुढच्या सत्रात जॉबरला पोलिसांकडे नावांची यादी द्यायची आहे. विणकराचे नाव त्यात घालायचे की गाळायचे, याचा निर्णय आधी वहीत लिहिला जाईल आणि टेबलावर फक्त यादी येईल.